जिलबीचा हिशेब

१९२२ पूर्वी मधुमेही मुलांना डॉक्टर जवळजवळ उपाशीच ठेवत. त्याने आयुष्य थोडे लांबे, इतकेच. अमेरिकेची एलिझाबेथ ह्यूज पंधराव्या वर्षी जेमतेम २० किलोची उरली होती. ऑगस्ट १९२२ मध्ये टोरंटोला डॉ. बँटिंग यांनी तिला इन्सुलिन सुरू केले आणि ती पुन्हा पाव खाऊ लागली. आईला पत्रांतून खाण्याचीच वर्णने लिही. पुढे ती १९८१ पर्यंत जगली.

हे वाचून मला माझीच लाज वाटली. माझ्या नातीला टाइप वन मधुमेह आहे. धानोऱ्याहून सारे मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला निघाले, की मी तिला घरी ठेवायला लावायचो. घरात इन्सुलिन असून मी मात्र १९२२ च्या आधीचाच!

यंदा तिला नेले. इन्सुलिनच्या डबीभोवती ओले फडके, पिशवीत ग्लुकोजची पुडी. सुनेने बोटातला थेंब तपासला, डॉक्टरांनी शिकवलेल्या हिशेबाने सुई दिली. मग वैनगंगेच्या काठी एक जिलबी.

"आबाजी, अर्धी तुम्ही घ्या."

"नाही बेटा, सुई अख्ख्या जिलबीची घेतलीस. अख्खी तूच खा."

इतकी वर्षे 'खाऊ नको' म्हणणारा मी!