मोतीबिंदूनंतरची विश्रांती: काल आणि आज



आज सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. गटातल्या एका मावशींचा मोतीबिंदू काढला. आम्ही म्हणालो, "अर्ध्या तासाचं तर काम, चौथ्या दिवशी पापडाला या." मावशी काही बोलल्या नाहीत. सहा वर्षांपूर्वी त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला होता, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

मोतीबिंदूवरचा उपाय फार जुना. सुईने गढूळ भिंग बाजूला ढकलायची कृती सुश्रुतसंहितेत दिली आहे. पुढे अठराव्या शतकात फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी ते भिंग बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. पण जखम मोठी असायची. आपल्या आज्यांच्या वेळेपर्यंत ऑपरेशन म्हणजे कित्येक दिवस उताणं पडून राहणं. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत. खोकायचं नाही, वाकायचं नाही. नंतर जाड भिंगाचा चष्मा यायचा. त्यातून पायरी आहे त्यापेक्षा जवळ दिसे आणि पाय चुके.

हे बदललं ते लंडनच्या हॅरल्ड रिडली यांच्यामुळे. लढाईत विमानाच्या प्लॅस्टिकच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळ्याने ते सोसले, हे त्यांनी पाहिलं होतं. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग त्यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. ती पेशंट 45 वर्षांची बाई होती. पुढची बरीच वर्षं परदेशी भिंग गरिबाला परवडत नव्हतं. 1992 मध्ये मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने ती स्वस्तात बनवायला घेतली. आता छेद लहान असतो आणि बाई त्याच दिवशी घरी येते.

घरी येते आणि चुलीपुढे बसते. आजीला सक्तीने का होईना, पडून राहायला मिळायचं. आता ऑपरेशन सोपं झालं म्हणून घरच्यांनी आणि आम्ही गटवाल्यांनीही तिची विश्रांतीच काढून घेतली.

मावशींचं दुखणं त्याहून गुंतागुंतीचं. स्तनाच्या कॅन्सरवर अमेरिकेच्या हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. मग हात सुजायचा. त्या सुजेवर हॉल्स्टेड यांनी स्वतःच 1921 मध्ये लेख लिहिला. आता शस्त्रक्रिया पुष्कळ लहान झाली, तरी काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे शेक दिला, तर वर्षांनंतरही हात सुजू शकतो. मावशींचा उजवा हात तसाच आहे. शिवाय केमोच्या काही औषधांनी बोटं बधिर होतात, आणि काहींची तशीच राहतात.

आणि मोतीबिंदू? स्टेरॉइड बराच काळ घेतलेल्यांना मोतीबिंदू होतो, हे 1960 मध्ये अमेरिकेच्या डॉक्टरांनी संधिवाताच्या रुग्णांत दाखवलं. केमोसोबतही बऱ्याचदा स्टेरॉइड देतात. मावशींचा मोतीबिंदू पन्नाशीतच आला. जुन्या औषधांमुळेही आला असेल, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. म्हणून कॅन्सरची जुनी फाइल डोळ्याच्या तपासणीला नक्की न्या. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही मावशींच्या घरी गेलो तेव्हा त्या थेंबांची बाटली दाबत होत्या. बोटांना बाटली कळत नव्हती आणि सुजलेला हात वर जात नव्हता. थेंब गालावर ओघळले. "दोन दिवस असंच चाललंय," म्हणाल्या. घरी फक्त सासरे.

त्याच संध्याकाळी पाळ्या लावल्या. हात साबणाने धुऊन, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता थेंब टाकायचे. डॉक्टर सांगतील तोवर डोळ्यात पाणी नको, चोळणं नको, चुलीचा धूर नको. हंडा-कळशी आम्ही भरू. डोळा दुखला, लाल झाला किंवा दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. त्या महिन्याचा हप्ता गटाने पुढे ढकलला. एकदोघींनी कुरकुर केली, तीही ऐकून घेतली.

आता मावशींच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. या वेळी थेंबांच्या पाळ्या आधीच वहीत लिहिल्यात, आणि पहिलं नाव कुरकुर करणाऱ्या ताईंनी स्वतःच घातलं आहे.