कथा कुठे अडते? निवेदक, संवाद आणि काळ यांचे नेहमीचे प्रश्न

कथा लिहून झालेली असते, भाषा बरी असते, प्रसंगही घडत असतात, तरी वाचणारा दुसऱ्या पानावर थांबतो. नव्याने लिहिणाऱ्यांचा हा नेहमीचा अनुभव. कारण विचारले तर उत्तरे वेगवेगळी मिळतात: सुरुवात रेंगाळते, संवाद पुस्तकी वाटतात, पात्रे ठोकळ्यासारखी आहेत, मधेच कोण काय विचार करतो आहे ते कळत नाही. तक्रारी सुट्या दिसल्या तरी बऱ्याचदा त्यांचे मूळ एकच असते. कथा कोण सांगतो आहे, त्याला किती माहीत आहे आणि तो पात्रांपासून किती अंतरावर उभा आहे, हे लिहिणाऱ्याने ठरवलेलेच नसते.

या सांगणाऱ्याला समीक्षेत निवेदक म्हणतात. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. हरी नारायण आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः लिहिली, ती यमू या मुलीच्या तोंडून. गो. नी. दांडेकरांच्या ‘पडघवली’ची (१९५५) हकिगत अंबू सांगते. दोन्ही ठिकाणी लिहिणारा पुरुष आहे आणि सांगणारी बाई. त्यामुळे जे घरातल्या बाईला दिसते, कानावर येते आणि सोसावे लागते, तेवढेच पानावर येऊ शकते. ही मर्यादाच त्या लेखनाला धरून ठेवते.

एका मनातून दुसऱ्या मनात

सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे दृष्टिकोन घसरणे. पुढचा नमुना पाहा:

‘सुमन दाराशी थबकली. आत काय चाललंय ते तिला कळेना. वसंतराव मात्र मनातून घाबरले होते. हिने ऐकलं असेल तर?’

पहिली दोन वाक्ये सुमनच्या बाजूने आहेत. तिसऱ्या वाक्यात निवेदक तिला दाराशी सोडून वसंतरावांच्या डोक्यात शिरतो. आत काय चालले आहे याची उत्सुकता तिथेच संपते, कारण सुमनला न कळणारी गोष्ट वाचकाला आयती मिळते. आता हे पाहा:

‘सुमन दाराशी थबकली. आत काय चाललंय ते तिला कळेना. मामंजींनी वर पाहिलं आणि हातातला कागद उशीखाली सरकवला.’

भीती तीच आहे, पण ती सुमनला दिसेल अशा कृतीत आली आहे. दुसरा बदल लहान वाटेल, तरी तोही तितकाच कामाचा आहे. ‘वसंतराव’चे ‘मामंजी’ झाले. सून सासऱ्याचा विचार नावाने करत नाही. निवेदक सुमनच्या खांद्यामागे उभा असेल तर त्याने माणसांना सुमनच्याच नावांनी ओळखले पाहिजे.

एकाहून अधिक मनांत शिरायचे असेल तर तीही सोय आहे, फक्त ती उघडपणे करावी लागते. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णासह सहा जण आपापली बाजू मांडतात. प्रत्येक वेळी नवा भाग सुरू होतो आणि आता कोण बोलते आहे हे वाचकाला आधी सांगितले जाते. चार पानांच्या कथेत मात्र दोन मनेही जड होतात.

‘आले’ की ‘आला’

लेखनकलेवरची बरीचशी पुस्तके इंग्रजीतली. त्यांत एक प्रश्न सापडत नाही, कारण तो इंग्रजीला पडतच नाही. मराठीत माणसाबद्दल एक वाक्य लिहायचे तरी त्याला मान द्यायचा की नाही हे क्रियापदातच ठरवावे लागते. ‘डॉक्टर आले’ आणि ‘शिपाई आला’. ‘बाई म्हणाल्या’ आणि ‘मोलकरीण म्हणाली’. ही वाक्ये इतक्या सहज हातून उतरतात की लिहिणाऱ्याने निवड केली आहे हे त्याच्याही लक्षात येत नाही.

एखाद्या कथेत असे वाक्य आहे समजा: ‘पाटील ओसरीवर बसले होते. म्हादू अंगणात उभा होता.’ कथा म्हादूच्या बाजूने सांगितली जात असेल तर हे वाक्य अचूक आहे. म्हादूच्या मनातही पाटील ‘बसले’च असतात आणि त्या एका क्रियापदात त्याची भीती, सवय, पिढ्यान्‌पिढ्यांचा दबाव सगळे येते. पण निवेदक जर त्रयस्थ असेल, दोघांकडे सारख्या अंतरावरून पाहत असेल, तर तो पाटलाला मान आणि म्हादूला एकेरी कोणत्या हिशेबाने देतो? मग कथेने म्हादूवरच्या अन्यायाविषयी कितीही कळवळा दाखवला तरी व्याकरण पाटलाच्या ओसरीवर बसलेले राहते. जात, पैसा आणि हुद्दा यांचे पूर्वग्रह कथेत शिरतात ते बहुतेक वेळा मोठ्या विधानांतून नव्हे, अशा क्रियापदांतून.

यावर उपाय दोन-तीन आहेत. एक, निवेदनात सगळ्यांना एकेरी ठेवायचे आणि मान फक्त संवादांत येऊ द्यायचा. मग ‘पाटील बसला होता’ हे वाक्य थोडे कठोर वाटते, पण समान अंतर राखते. दोन, एका पात्राची नजर पक्की धरायची आणि ते पात्र ज्याला जसे संबोधील तसेच निवेदनातही लिहायचे. तीन, निवेदकच एक माणूस करायचा, त्याचे पूर्वग्रह वाचकाला दिसू द्यायचे. यांतली कोणतीही वाट चालेल. अडचण होते ती दोन वाटांवर एकदम चालल्याने, म्हणजे पहिल्या पानावर ‘रामराव म्हणाले’ आणि तिसऱ्या पानावर, राग आला म्हणून, ‘रामराव म्हणाला’. अर्थात हा बदल मुद्दाम केला असेल तर तो फार बोलका ठरतो. मुलाच्या मनातून बापाविषयीचा आदर गेला हे सांगायला वेगळ्या परिच्छेदाची गरज उरत नाही.

घरातल्या माणसांबाबत हे आणखी नाजूक होते. अनेक मराठी घरांत ‘बाबा आले’ पण ‘आई आली’ असे म्हणतात. आई जवळची म्हणून एकेरी, असे त्याचे समर्थन केले जाते, आणि ते पूर्ण खोटेही नाही. आजच्या शहरी घरांत ‘बाबा आला’ हेही सर्रास ऐकू येते. म्हणजे एवढ्याशा क्रियापदावरून ते घर कोणत्या काळातले आणि कोणत्या वळणाचे हे वाचकाला कळते. १९६० च्या पुण्यातल्या वाड्यात मुलगा ‘बाबा आला’ म्हणाला तर वाचक अडखळणारच.

प्रथमपुरुषी निवेदनात क्रियापद आणखी एक गोष्ट उघड करते. ‘मी आले’ किंवा ‘मी आलो’ म्हणताच सांगणारी बाई की पुरुष हे कळते. ते काही काळ लपवायचे असेल तर ‘मी पत्र वाचलं’, ‘मी दार उघडलं’ अशी वाक्ये कामी येतात, कारण तिथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते. मात्र पानेच्या पाने अशी कसरत केली तर ती जाणवते. कोल्हापूरकडे मुलीही बोलताना ‘मी आलो’ म्हणतात, तेव्हा त्या भागातली निवेदिका असेल तर हा प्रश्न आणखी गमतीचा होतो.

संवाद: माहिती नको, गरज हवी

पुस्तकी संवादाचा नमुना ओळखू येण्याजोगा असतो:

‘दादा, तुला माहीतच आहे की आपल्या वडिलांचं तीन वर्षांपूर्वी निधन झालं आणि तेव्हापासून आपली जमीन काकांच्या ताब्यात आहे.’

दादाला हे माहीत आहे, हे बोलणाऱ्यानेच कबूल केले आहे. मग तो बोलतो कुणाशी? वाचकाशी. पात्राला जे म्हणायची गरज आहे तेवढेच त्याने म्हटले तर तीच माहिती अशी येते:

‘काकांनी यंदाही भुईमूगच पेरलाय.’
‘पेरू देत.’
‘बाबा असते तर...’
‘बाबा नाहीत आता. तीन वर्षं झाली.’

इथे एकही ‘म्हणाला’ नाही, तरी दोन भाऊ वेगळे कळतात: एक विषय काढतो, दुसरा टाळतो. जिथे गोंधळ होईल तिथे साधे ‘म्हणाला’ लिहावे. ‘उद्गारला’, ‘वदला’, ‘प्रत्युत्तरला’ यांनी विविधता येत नाही, लिहिणारा मधे आल्याचे तेवढे दिसते. शिवाय मराठी बोलण्यात ‘अगं’, ‘अहो’, ‘अरे’, ‘बाई’, ‘वहिनी’ ही संबोधने भरपूर येतात. नुसत्या ‘अहो’वरून कोण कुणाशी बोलते आहे हे कळत असेल तर वेगळी खूण कशाला?

बोलीचा प्रश्न याला जोडूनच येतो. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, ही मराठीतली रुळलेली मांडणी आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधल्या (१९६०) कौतिकच्या घरातले बोलणे वऱ्हाडी आहे. आनंद यादवांनी ‘गोतावळा’त (१९७१) पुढचे पाऊल टाकले. तिथे नारबा हा शेतगडीच निवेदक असल्याने संवादाबरोबर निवेदनही बोलीतच आहे. शेतावरची जनावरे आणि माणूस यांचे नाते ज्या भाषेत जगले जाते त्याच भाषेत ते सांगितले जाते. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’त (१९६५) पोक्याची मुंबईतली नाक्यावरची भाषा हेच काम शहरात करते. निवेदक ठरला की भाषा ठरते, ती अशी.

ज्याला बोली नीट येत नाही त्याची चूक ठरलेली असते. तो ‘ग्रामीण’ नावाची एक सरमिसळ भाषा बनवतो, जी कोणत्याच तालुक्यात बोलली जात नाही. एकाच पात्राच्या तोंडी वऱ्हाडातले ‘मले’ आणि ‘काहून’, साताऱ्याकडचे ‘न्हाई’ आणि ‘व्हय’, अधूनमधून मालवणी ‘माका’. त्या भागातला वाचक पहिल्याच ओळीला पुस्तक मिटतो. असे करण्यापेक्षा प्रमाण भाषेच्या जवळ राहून वाक्याची लय आणि मोजके शब्द त्या भागाचे घ्यावेत. प्रत्येक उच्चार लिहून काढण्याचीही गरज नसते. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा मराठी लेखनाच्या नियमांत आहे, पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. आणि ‘केले’ की ‘केलं’ हे निवेदनासाठी एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावे.

माहिती कधी द्यायची

पहिल्या पानावर गाव, नदी, घराण्याचा इतिहास आणि नायकाचे शिक्षण सांगून टाकायचा मोह बहुतेकांना होतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) एका नवख्या वस्तीची केवढी तरी माहिती येते: धनगरांची घरे, मेंढरे, कारभारी, भांडणे, दुष्काळ. ती जड होत नाही, कारण सांगणारा तरुण मास्तर तिथे नेमणुकीवर आलेला परका आहे. त्याला जे कळत नाही ते वाचकालाही कळत नाही आणि दोघे बरोबरच शिकतात. परका माणूस हा सोपा आणि खात्रीचा उपाय आहे: नवी सून, बदलून आलेला तलाठी, पहिल्यांदा गावी आलेला नातू.

असा माणूस कथेत नसेल तर एक कसोटी वापरता येते. पहिले दोन परिच्छेद झाकून तिसऱ्यापासून वाचावे. काही अडले नाही तर कथा तिथेच सुरू होत होती. वगळलेली माहिती पुढे जिथे तिची गरज पडेल तिथे एकेका वाक्याने घालावी.

मागच्या काळात जाताना वेगळी अडचण येते. ‘त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता. विहिरीचा तळ दिसू लागला होता. तात्यांनी बैल विकायला काढले होते.’ सलग ‘होता, होता, होते’ने वाचक थकतो. आपण मागे गेलो हे सांगायला पहिला ‘होता’ पुरतो. पुढे साध्या भूतकाळात यावे: ‘विहिरीचा तळ दिसू लागला. तात्यांनी बैल विकायला काढले.’ परतताना पुन्हा एक खूण द्यावी, शक्यतो हातात धरता येईल अशी: गार झालेला चहा, थांबलेली एसटी, वाजणारा फोन.

शेवट आणि फेरतपासणी

शेवटाविषयी थोडक्यात. स्वप्न निघाले, अपघात झाला, पत्र सापडले, अशा शेवटांची खोट ही की ते बाहेरून येतात. निवेदकाला किंवा ज्याच्या नजरेने कथा चालली त्याला सुरुवातीला जे दिसत नव्हते ते आता दिसले, किंवा दिसूनही त्याने पाठ फिरवली, की कथा तिथे थांबू शकते. त्यानंतरचा स्पष्टीकरणाचा परिच्छेद बहुतेक वेळा कापता येतो.

तपासणीसाठी मसुदा दोन-चार दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचावा. संवादात जीभ अडखळली तर ते वाक्य कुणी बोलत नाही. मग पेन्सिलीने तीन गोष्टींखाली रेघा ओढाव्यात: ‘वाटले’, ‘जाणवले’, ‘आठवले’ यांसारखी मनातली क्रियापदे, प्रत्येक माणसाला दिलेले नाव किंवा नाते, आणि मानाचे किंवा एकेरी क्रियापद. मनातली क्रियापदे एकाहून अधिक पात्रांच्या वाट्याला आली असतील, एकाच माणसाला तीन नावे मिळाली असतील, किंवा ‘आले’चे मधेच ‘आला’ झाले असेल, तर निवेदक नेमका कोणत्या ओळीत हरवला ते रेघांवरूनच दिसते आणि दुरुस्ती त्या ओळीपासून सुरू करता येते.