बाराशे रुपयांचा छापखाना

मध्यंतरी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला : ‘बाहेरच्यांनी मुंबईची वाट लावली.’ पाठवणारे माझे काका. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, राजापूरहून बोटीने आले आणि लालबागच्या गिरणीत लागले. मी उत्तर दिलं नाही. पण ‘बाहेरचे’ हा शब्द डोक्यातून जाईना, म्हणून जुनी पुस्तकं उघडली.

१९११च्या जनगणनेत मुंबईतले सुमारे ८० टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले होते. म्हणजे दर पाचांत चार ‘बाहेरचे’. त्यांतले बरेचसे आमच्यासारखेच, रत्नागिरीचे आणि घाटावरचे. पण आमच्याही आधी आलेल्या एका समाजाची गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती.

कामाठीपुरा म्हटलं की आपल्या मनात एकच चित्र येतं. मुळात ही वस्ती कामाठ्यांची. निजामाच्या राज्यातल्या तेलुगू मुलखातून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आलेले हे मजूर. समुद्र हटवून मिळालेल्या सखल, चिखलाच्या जमिनीवर ते राहिले आणि त्यांनी शहर बांधलं. दगड फोडणं, भराव घालणं, चुना वाहणं ही सगळी कामं त्यांची. मराठीत ‘कामाठी’ हा शब्द मजूर या अर्थानेच रुळला.

या तेलुगू मंडळींपैकी काही जण पुढे बांधकामाचे कंत्राटदार झाले. व्यंकू बाळोजी काळेवार, जाया कराडी लिंगू ही त्यांतली नावं. हातात पैसा आला, पण जातीच्या उतरंडीत ते होते तिथेच राहिले. पुण्यात याच धंद्यातला एक माणूस या उतरंडीवरच घाव घालत होता. जोतीराव फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत, हे आपण सहसा विसरतो. २४ सप्टेंबर १८७३ला त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हा मुंबईतून त्याच्यामागे उभे राहिलेल्यांत हे तेलुगू व्यापारी-कंत्राटदार पुढे होते. समाजाचं म्हणणं छापायला छापखाना हवा, म्हणून रामय्या व्यंकय्या अय्यावारू, काळेवार आणि त्यांच्या सोबत्यांनी बाराशे रुपयांचा छापखाना देऊ केला. त्या काळात एवढ्या पैशांत मजुराच्या घराची कित्येक वर्षं निघाली असती.

घरात तेलुगू बोलणाऱ्यांनी मराठी छपाईसाठी दिलेला हा पैसा. याला काय म्हणायचं? मी तरी याला राजकारणच म्हणेन. मत देण्याचा हक्क नसलेल्या काळात आपलं म्हणणं छापून आणणं हेच मोठं राजकारण होतं.

पुढे कृष्णराव भालेकरांनी १८७७मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केलं. १८८०मध्ये ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे आलं. याच सत्यशोधक लोखंड्यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. जून १८९०मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आजोबांचा रविवार तिथून आला. तो एकट्या कामाठ्यांनी दिला असं मी म्हणणार नाही. पण ज्या चळवळीतून तो आला, तिला सुरुवातीला हात देणाऱ्यांत ते होते.

११ मे १८८८ला फुल्यांना ‘महात्मा’ म्हटलं गेलं, ते मांडवीच्या कोळीवाड्यात. मुंबईच्या सर्वांत जुन्या रहिवाशांच्या वस्तीत. ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ तिथे एकाच चळवळीच्या आधाराने जवळ आले होते.

एक गोष्ट मात्र खुपते. कंत्राटदारांची नावं पुस्तकात सापडतात, पण डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या बायाबापड्यांची सापडत नाहीत. पाहुण्या समाजाचं ‘योगदान’ मोजतानाही आपण पैसेवाल्यांपाशीच थांबतो. आणि मुळात योगदान सिद्ध केल्यावरच माणसाला राहू द्यायचं, असा नियम केला, तर माझे आजोबा त्यात बसले असते का? त्यांनी फक्त साचे चालवले आणि पोरं शिकवली.

परवा मी काकांना ग्रुपवर नाही, फोनवर विचारलं, “आजोबा पहिल्यांदा उतरले, तेव्हा कुणाकडे राहिले हो?” ते जरा थांबले. मग म्हणाले, “गाववाल्यांच्या खोलीत. वीस जण होते. रात्रपाळीवाले उठले, की ह्यांनी झोपायचं.” त्यानंतर आम्ही बराच वेळ बोललो. त्या मेसेजचा विषय दोघांनीही काढला नाही.