नळींतील तार आणि पेटीची जागा

कात्रजच्या तलावापासून पुणें शहरापर्यंत पाणी आणणारा भूमिगत नळ नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, इ. स. १७५० च्या सुमारास, बांधला गेला. त्या नळावर ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवलेले होते. कोंडलेली हवा निघून जावी आणि सांचलेला गाळ काढतां यावा, हा त्यांचा हेतु. जें झांकलें जावयाचें, त्याच्यापर्यंत पोंचण्याची वाट बांधतांनाच राखली पाहिजे, हें त्या कारागिरांस अवगत होतें. पुढें दोन शतकांनीं पुण्याच्या उत्तरेस व वायव्येस, पिंपरी-चिंचवडच्या आणि मागाहून चाकणच्या माळांवर, विजेच्या तारा वाहून नेणाऱ्या नळ्यांस तेंच तत्त्व लागूं पडलें.

तारा नळींतून नेण्याची पद्धति आरंभापासून नव्हती. विजेच्या दिव्यांनीं आगी लागूं नयेत म्हणून लंडन येथें १८८२ सालीं पहिले नियम तयार झाले. त्या काळीं तारा बहुधा लांकडी पट्ट्यांच्या खांचांत बसवीत. ओल शिरली कीं वेष्टन बिघडे, आणि ठिणगी पडली कीं लांकूडच पेट घेई. १८९० च्या सुमारास एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानें अमेरिकेंत डांबर मुरविलेल्या कागदी नळ्या प्रचारांत आणल्या. पुढें त्यांची जागा पोलादी नळीनें घेतली. नळीचा मोठा लाभ असा कीं, भिंत न फोडतां जुनी तार काढून नवी घालतां येते. परंतु हा लाभ आपोआप पदरांत पडत नाहीं. मध्यें ज्या पेट्यांतून तार ओढावयाची, त्यांच्या जागा चुकल्या तर नळी असून नसल्यासारखीच.

१९१५ सालीं खोपोली येथें टाटांचें जलविद्युत्-केंद्र सुरू झालें आणि सह्याद्रीच्या पाण्यापासून मोठ्या प्रमाणावर वीज मिळूं लागली. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आल्यावर भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथील शेतांच्या जागीं कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. २००९ सालीं चाकण येथें फोक्सवागनचा मोटारींचा कारखाना उघडला. अशा कारखान्यांत जाड केबली चरांतून किंवा ट्रेवरून जातात. दिवे, बटणें आणि यंत्रांचीं नियंत्रणें यांच्या बारीक तारा मात्र पुष्कळदां नळ्यांतूनच जातात.

या कामांतील गणित शाळकरी मुलासही समजण्याजोगें आहे. सरळ नळींत घर्षणाचा ताण बेरजेनें वाढतो. वळणावर तो गुणाकारानें वाढतो. खुंटाला वेढा दिलेल्या दोरीचें हें गणित अठराव्या शतकांत ऑयलर या गणितज्ञानें मांडलें. घर्षणाचा गुणांक अर्धा धरला, तर एका काटकोनी वळणानें ताण सुमारें २.२ पट होतो. वळणापूर्वीं ५ किलो असलेला ताण चार वळणांनंतर सुमारें ११५ किलो होतो. म्हणूनच दोन पेट्यांमधील सर्व वळणांची बेरीज चार काटकोनांपेक्षां अधिक नसावी, असा नियम रूढ झाला.

तार कोणत्या टोकानें सोडावी, याचेंही उत्तर यांतच आहे. समजा, आडवी नळी ३० मीटर लांब आहे, एका टोकापासून ३ मीटरवर काटकोनी वळण आहे, आणि तारांच्या जुडीचें वजन मीटरमागें १ किलो आहे. वळणाजवळच्या टोकानें जुडी आंत सोडून दूरच्या टोकाकडून ओढली, तर सुमारें १७ किलो जोर लागतो. तीच उलट बाजूनें ओढली, तर सुमारें ३१ किलो. नळी तीच, तारा त्याच. ताण मात्र जवळजवळ दुप्पट. जाणता वायरमन हें गणित कागदावर मांडीत नाहीं. तो आधीं वळणें मोजतो आणि मग पेटीची जागा ठरवितो. पेटीपाशीं शिडी लागेल काय, दोन्ही हात मोकळे राहतील काय, झांकण पुढें गिलाव्याखालीं किंवा यंत्रामागें गाडलें जाणार नाहीं ना, हें तो पाहतो. नळीच्या कापलेल्या कडा तो कानशीनें गुळगुळीत करतो, तारांस शंखजिऱ्याची पूड लावतो, आणि नळीच्या पोकळीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग तारांनीं भरूं देत नाहीं.

पेटी वांचविण्याच्या लोभानें जोर लावून ओढलेली तार त्या दिवशीं कांहीं बोलत नाहीं. दिवा लागतो, यंत्र फिरतें, हिशेब चुकता होतो. वेष्टनावरचा ओरखडा मात्र नळीच्या आंत तसाच राहतो. एखाद्या पावसाळ्यांत ओल शिरते, उघडी तार पोलादाला वीज देते, आणि जमिनीशीं केलेली जोडणी तुटलेली असेल तर यंत्राला टेकलेला कामगाराचा हात तो ओरखडा शोधून काढतो. तार ओढणारा मनुष्य तोंवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

कात्रजचे उच्छ्वास ज्यांनीं बांधले, त्यांनीं आपल्यामागून गाळ काढण्यास येणाऱ्या माणसांची सोय पाहिली होती. हातापोंचीं असलेली पेटी ही तशीच, पुढें कधीं तरी शिडी लावून वर चढणाऱ्या अनोळखी वायरमनाकरितां ठेवलेली सोय होय.