सिंकोना : हिवतापावरील औषध व पेयातील कडवटपणा

कदंब कुलातील (रुबिएसी) सिंकोना या प्रजातीतील सदापर्णी वृक्षांच्या वाळविलेल्या सालीस सिंकोना साल म्हणतात. हे वृक्ष मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पूर्व उतारांवरील दमट अरण्यांतील असून कोलंबिया, एक्वादोर, पेरू व बोलिव्हिया या देशांत आढळतात. सालीत क्विनीन, क्विनिडीन, सिंकोनीन व सिंकोनिडीन ही चार प्रमुख अल्कलॉइडे असतात. हिवतापावर निश्चितपणे लागू पडणारे पहिले औषध म्हणून सुमारे तीनशे वर्षे या सालीला पर्याय नव्हता. त्यामुळे तिचा इतिहास हा वैद्यकाचा तसाच पुरवठा, किंमत व मालकी यांचाही इतिहास आहे.

सालीच्या शोधासंबंधीची कथा सर्वपरिचित आहे. पेरूच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, हिवतापाने आजारी पडली. लोहा प्रांतातून आणविलेल्या सालीने ती बरी झाली व तिने ही साल स्पेनमध्ये नेली, असे सेबास्त्यानो बादो या इटालियन वैद्याने १६६३ मध्ये लिहिले. याच कथेवरून लिनीअस यांनी १७४२ मध्ये प्रजातीला नाव दिले. मात्र ते देताना चिंचोनमधील एक अक्षर गळले. पुढे क्लेमेंट्स मार्कम या इंग्रज भूगोलज्ञाने हे वर्णलेखन सुधारावे म्हणून १८७४ मध्ये आना दे ओसोरिओ या काउंटेसचे एक चरित्रच प्रसिद्ध केले. तथापि व्हाइसरॉयच्या कारकीर्दीची तत्कालीन दैनंदिनी अभ्यासून ए. डब्ल्यू. हॅगिस यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले, की आना ही पती पेरूला जाण्यापूर्वीच मरण पावली होती. त्याची दुसरी पत्नी पेरूत धडधाकट होती व परतीच्या प्रवासात १६४१ मध्ये कार्ताहेना येथे वारली. ‘क्वीना-क्वीना’ हे नावही मुळात दुसऱ्याच एका वृक्षाचे होते. निश्चित आहे ते एवढेच, की लोहा परिसरातील ज्वरवृक्षाच्या सालीचा उल्लेख आंतोन्यो दे ला कालांचा या धर्मोपदेशकाच्या १६३० च्या दशकाअखेरच्या वृत्तांतात आहे आणि ती यूरोपात पसरविण्याचे श्रेय मुख्यतः जेझुइटांचे आहे.

रोममध्ये कार्डिनल हुआन दे लुगो यांनी सालीचा हिरिरीने पुरस्कार केला. ‘जेझुइटांची पूड’ या नावामुळेच प्रॉटेस्टंट देशांत ती संशयास्पद ठरली. रॉबर्ट टॅलबर या इंग्रज वैदूने या संशयाचा चतुराईने फायदा घेतला. सालीविरुद्ध लोकांना सावध करीत त्याने स्वतःचे गुप्त औषध विकले, दुसऱ्या चार्ल्स राजाला बरे केले व फ्रान्सच्या राजपुत्रावरही उपचार केले. त्याच्या मृत्यूनंतर १६८२ मध्ये चौदाव्या लुईने ती कृती प्रसिद्ध करविली, तेव्हा ते औषध म्हणजे मद्यात भिजविलेली सिंकोना सालच असल्याचे उघड झाले.

सालीचा गुण दर खेपेस सारखा नसे. जाती वेगवेगळ्या, भेसळ पुष्कळ आणि मात्रा केवळ अंदाजाने ठरलेली, अशी स्थिती होती. पॅरिसमध्ये पेल्त्ये व काव्हाँतू यांनी १८२० मध्ये सालीतून क्विनीन वेगळे केल्यावर मोजून देता येणारे औषध हाती आले. परिणामी सालीची मागणी अतोनात वाढली. अँडीजमध्ये झाडे तोडून सोलण्याची पद्धत असल्याने अरण्ये उजाड होऊ लागली, व उष्ण कटिबंधात वसाहती असलेल्या ब्रिटन व हॉलंड यांना स्वतःच्या लागवडीची निकड भासू लागली.

हॉलंडच्या वतीने हासकार्ल याने १८५० च्या दशकात जावात रोपे नेली. पण पुढे तेथे फोफावलेल्या जातीत क्विनीन नगण्य निघाले. मार्कमच्या मोहिमेत १८६० मध्ये रिचर्ड स्प्रूस याने एक्वादोरमध्ये मिळविलेली तांबड्या सालीची जात निलगिरीत उटकमंडजवळ रुजली. स्वतः मार्कमने पेरूतून आणलेली रोपे मात्र जगली नाहीत. दार्जिलिंगजवळ मुंगपू येथेही मळे झाले. महाबळेश्वरनजीक लिंगमळा येथे मुंबई सरकारने लागवड करून पाहिली. ती टिकली नाही.

खरी निर्णायक घटना याहून लहान आहे. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याचा मान्वेल इंक्रा मामानी हा आयमारा जमातीचा सेवक होता. कोणते झाड उत्तम सालीचे, याची अचूक पारख त्याला होती. धुक्याने व दहिवराने फुलोरा वर्षानुवर्षे हातचा जात असता त्याने धीर धरून बी जमविले व १८६५ मध्ये बोलिव्हियातून पर्वत ओलांडून ताक्ना येथे लेजरला आणून दिले. बी बाहेर नेण्यास बोलिव्हियात बंदी होती. लंडनमध्ये ब्रिटिश सरकारने ते घेतले नाही; डच सरकारने सुमारे एक पौंड बी १०० गिल्डरांना घेतले. त्यातून वाढलेल्या झाडांच्या सालीत क्विनिनाचे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत भरले. या झाडांना सिंकोना लेजेरियाना असे नाव मिळाले. उतारवयात लेजरला डच सरकारने निवृत्तिवेतन दिले. मामानी १८७१ मध्ये पुन्हा बी गोळा करताना पकडला गेला, तुरुंगात त्याला बेदम मारहाण झाली व सुटकेनंतर लवकरच तो मरण पावला. वृक्षाच्या नावात त्याचा मागमूस नाही.

तांबड्या सालीत क्विनीन कमी, पण इतर अल्कलॉइडे भरपूर असतात. मद्रास इलाख्यात नेमलेल्या आयोगाने १८६६–६८ मध्ये रुग्णांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा चारही अल्कलॉइडे हिवतापावर जवळजवळ सारखीच गुणकारी ठरली. त्यावरून मुंगपू येथे या सर्वांचे स्वस्त मिश्रण ‘सिंकोना ज्वरनाशक’ म्हणून तयार होऊ लागले. गरीब देशाच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता. परंतु डॉक्टरांचा व ग्राहकांचा ओढा शुद्ध क्विनिनाकडेच राहिला. बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेऱ्यांतून क्विनिनाची पुडी एका पैशास मिळू लागली. मराठीत रूढ झालेला ‘कोयनेल’ हा शब्द या औषधाच्या घरोघरच्या परिचयाची साक्ष देतो.

सिलोनमध्ये कॉफीवर तांबेरा पडल्यावर मळेवाल्यांनी सिंकोना लावला आणि १८८० च्या दशकात बाजार कोसळला. टिकले ते जावाचे मळे. उत्पादक व कारखानदार यांच्यात १९१३ मध्ये झालेल्या करारानुसार ॲम्स्टरडॅमहून किंमत बांधली जाऊ लागली. १९३० च्या दशकात जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक साल जावातून येई. या मक्तेदारीचा खरा धोका १९४२ मध्ये जपानने जावा जिंकताच दिसून आला. मित्र राष्ट्रांच्या सैन्यांना मेपाक्रीन हे संश्लेषित औषध मिळाले. भारतातील उत्पादन मात्र गरजेच्या मानाने फारच तोकडे होते आणि १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये हिवतापाने असंख्य माणसे दगावत असताना क्विनिनाचा तुटवडा होता. युद्धानंतर क्लोरोक्वीन व पुढे आर्टेमिसिनीन-वर्गातील औषधांमुळे क्विनीन मागे पडले. क्विनिडीन हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर वापरात आले.

कडू साल मद्यात मुरविण्याच्या जुन्या पद्धतीतूनच फ्रान्समधील द्युबोने (१८४६) यांसारखी भूक वाढविणारी मद्ये निघाली. क्विनीनयुक्त वायुमिश्रित पाण्याचे एकस्व लंडनमध्ये इरॅस्मस बाँड याने १८५८ मध्ये घेतले व १८७० च्या सुमारास श्वेप्स कंपनीने ‘इंडियन’ हे विशेषण लावून असे पेय बाजारात आणले. हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायांनी औषध गिळता यावे म्हणून त्यात जिन मिसळली, ही समजूत रंजक असली, तरी तिला समकालीन आधार तोकडा आहे. या पेयाचा एक जुना उल्लेख १८६८ मधील असून तो सियालकोटच्या घोड्यांच्या शर्यतींच्या संदर्भात आहे. आजच्या टॉनिक वॉटरचा औषधाशी संबंध केवळ चवीपुरता आहे. अमेरिकेतील नियमानुसार त्यात क्विनीन दर लिटरला सुमारे ८३ मिग्रॅ.पेक्षा अधिक असता कामा नये. प्रौढ रुग्णाची क्विनीन सल्फेटाची रूढ मात्रा दिवसाला सुमारे १,८०० मिग्रॅ. असल्याने तेवढ्यासाठी वीस लिटरांहून अधिक पाणी प्यावे लागेल. क्विनिनामुळे हे पाणी जंबुपार किरणांत निळसर चमकते. सध्या सालीचा मोठा पुरवठा आफ्रिकेतील काँगोच्या पूर्व भागातून होतो व तिच्यापासून काढलेल्या क्विनिनाचा बराचसा भाग पेयांच्या कारखान्यांकडे जातो.