जुन्या स्पोर्ट्स कारला सुपरचार्जर : ताकद किती, धोका कुठे?

- आमच्या प्रतिनिधीकडून

पेट्रोल इंजिनाची ताकद अखेर एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा शिरते. पेट्रोल हवे तेवढे आत सोडता येते. ते जाळण्यासाठी लागणारी हवा मात्र इंजिन स्वतःच्या ओढीने घेईल तेवढीच मिळते. ही मर्यादा ओलांडण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे हवा दाबून आत कोंबणे. हे काम करणारा पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असेल तर त्याला सुपरचार्जर म्हणतात आणि एक्झॉस्टच्या वायूवर फिरत असेल तर टर्बोचार्जर. जुन्या, हलक्या स्पोर्ट्स कारच्या मालकांना यांपैकी पहिल्याचे आकर्षण अधिक असते. पॅडल दाबताच ताकद मिळते, टर्बोप्रमाणे क्षणभर वाट पाहावी लागत नाही आणि गाडीचा मूळ स्वभावही फारसा बदलत नाही.

या प्रकारातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे माझ्दाची एमएक्स-५. अमेरिकेत ती मियाटा या नावाने, तर जपानमध्ये युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात तिचे अनावरण झाले. दोन आसने, उघडे छत, मागच्या चाकांना ताकद आणि एक टनाहूनही कमी वजन, अशी तिची मांडणी होती. साठच्या दशकातील ब्रिटिश रोडस्टरांचा आनंद, पण रस्त्यावर तेल न गाळणारा, असे तिचे वर्णन करता येईल. उणीव एकच होती. १.६ लिटरच्या इंजिनाची ताकद होती अवघी ११६ अश्वशक्ती. १९९४ च्या मॉडेलपासून आलेल्या १.८ लिटरच्या इंजिनाने ती १२८ वर नेली, पण चढावर किंवा महामार्गावर मालकाचे समाधान होईना. कॅलिफोर्नियातील जॅक्सन रेसिंगसारख्या कंपन्यांनी नेमकी ही गरज हेरून ईटनच्या एम-४५ सुपरचार्जरचे तयार संच बाजारात आणले.

शतकापूर्वीची कल्पना

सुपरचार्जरचे मूळ मोटारीत नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात रूट्स बंधूंनी १८६० च्या सुमारास दोन पाती एकमेकांत फिरवणारा हवेचा पंप तयार केला. एम-४५ हा त्याच वंशातला. मोटारीत ही युक्ती विक्रीसाठी आणण्याचा मान मर्सिडीजकडे जातो. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात तिच्या 'कोम्प्रेसर' गाड्या दिसल्या.

मूळच्या साध्या इंजिनाला वरून सुपरचार्जर जोडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र बेंटलीचा. साडेचार लिटरच्या बेंटलीला शर्यतपटू टिम बर्किन यांनी आम्हर्स्ट व्हिलियर्स यांचा सुपरचार्जर लावून घेतला. रेडिएटरच्या पुढे, दोन चाकांच्या मधोमध तो बसवला गेला आणि ११० अश्वशक्तीचे इंजिन १७५ वर पोहोचले. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हे मान्य नव्हते. ताकद हवी असेल तर इंजिनच मोठे करावे, या मताचे ते होते. १९३० च्या ल माँ शर्यतीत सुपरचार्जरच्या बेंटली बाद झाल्या आणि जिंकली ती कंपनीचीच, मोठ्या इंजिनाची साधी 'स्पीड सिक्स'. जुन्या गाडीला सुपरचार्जर लावू पाहणाऱ्याने ही हकीकत लक्षात ठेवावी.

दाब आणि उष्णता

आता हिशेब पाहू. समुद्रसपाटीवर हवेचा दाब दर चौरस इंचाला सुमारे १४.७ पाउंड असतो. मियाटाचे संच साधारण सहा पाउंडांचा जादा दाब देत. म्हणजे इंजिनाला मिळणाऱ्या हवेचा दाब सुमारे १.४ पट होतो. यावरून ताकदही चाळीस टक्के वाढेल असे वाटते, पण तसे होत नाही. हवा दाबली की ती तापते आणि तापली की विरळ होते. बाहेर २७ अंश सेल्सियस तापमान असताना रूट्स पद्धतीच्या पंपातून निघणारी हवा ८० अंशांच्या आसपास गेलेली असू शकते. शिवाय पंप फिरवण्याचा खर्चही इंजिनाच्याच माथी. त्यामुळे हाती लागते ती साधारण तीस ते चाळीस टक्क्यांची वाढ. एक टनाच्या आतल्या गाडीत तीही पुष्कळ झाली.

तापलेल्या हवेचा खरा धोका पुढेच आहे. सिलिंडरमधील मिश्रण प्लगच्या ठिणगीने शिस्तीत पेटण्याऐवजी दाब व उष्णतेने आपोआप भडकते, त्याला नॉकिंग म्हणतात. साध्या इंजिनात त्याचा खडखडाट ऐकू येतो आणि चालक पॅडल सोडतो. सुपरचार्ज केलेल्या इंजिनात काही सेकंदांचे नॉकिंग पिस्टनची कड तोडण्यास किंवा हेड गॅस्केट उडवण्यास पुरेसे असते.

कारखाने यावर काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. २००२ च्या सुमारास रस्त्यावर आलेल्या मिनी कूपर एस मध्ये हाच एम-४५ होता आणि इंजिनही १.६ लिटरचेच. पण साध्या कूपरचे १०.६ : १ हे कॉम्प्रेशन तिथे ८.३ : १ पर्यंत उतरवले होते आणि हवा थंड करण्यासाठी वर इंटरकूलर दिला होता. मियाटाच्या १.६ लिटर इंजिनाचे कॉम्प्रेशन ९.४ : १ आहे आणि साध्या संचात इंटरकूलर नसतो. म्हणजे कारखान्याने जी सवलत घेतली, ती येथे उपलब्ध नाही. सहा पाउंडांवर थांबण्याचे कारण हेच. लहान पुली बसवून दाब वाढवण्याचा मोह अनेकांना होतो; बहुतेक इंजिने तिथेच बळी पडतात.

मेंदूला न कळणारी हवा

जुन्या मियाटाच्या संगणकाला दाबाखालच्या हवेची कल्पनाच नाही. १.६ लिटरच्या गाडीत हवा मोजण्यासाठी एक झडप असते. हवेच्या झोताने ती किती उघडली यावरून पेट्रोल ठरते. सुपरचार्जर लावल्यावर ही झडप पूर्ण उघडून टेकते आणि त्यापुढची हवा मोजलीच जात नाही. परिणामी हवा जास्त, पेट्रोल कमी, नॉकिंगला आमंत्रणच. नॉकिंग ओळखणारा सेन्सरही या इंजिनात नाही.

जुन्या संचांनी यावर यांत्रिक तोड काढली होती. हवेचा दाब वाढला की त्याच्या काही पट पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर त्यांत येई. ठिणगीची वेळ मागे घेण्यासाठी वेगळे उपकरण लावावे लागे. हा उपाय चालतो, पण अंदाजाने. स्वतंत्र, नव्याने कार्यक्रम भरता येणारा संगणक बसवून डायनोवर अनुभवी माणसाकडून मिश्रण जुळवून घेणे, हाच आज शहाणपणाचा मार्ग आहे. संचावर पैसे खर्च करून येथे काटकसर करणाऱ्याने सुपरचार्जर लावूच नये, असे स्पष्ट सांगावेसे वाटते.

पेट्रोलही चांगल्या ऑक्टेनचेच हवे. अमेरिकेत पंपावर ९१ लिहिलेले असते ते वेगळ्या मोजणीने. आपल्याकडील मोजणीत ते साधारण ९५ ते ९६ भरते.

आधी गाडी तपासा

पहिल्या काही वर्षांच्या १.६ लिटर इंजिनांत एक जन्मजात दोष आहे. क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड असल्याने पुलीची की व तिची खाच झिजते, पुली डगमगते आणि टायमिंग बिघडते. १९९१ मध्ये माझ्दाने हे टोक लांब केले. पुलीच्या मध्यभागी चार खाचा दिसल्या तर शाफ्ट जुना, आठ दिसल्या तर नवा, ही ओळख. सुपरचार्जरचा पट्टा याच टोकावरून ताकद घेतो, त्यामुळे चार खाचांच्या इंजिनाला तो लावणे म्हणजे दुखऱ्या खांद्यावर पोते देणे.

दुसरी बाब थंडाव्याची. हे इंजिन मूळचे माझ्दा ३२३ मध्ये आडवे बसवलेले. मियाटात ते उभे बसवताना पाण्याची येण्याची व जाण्याची अशा दोन्ही वाटा पुढच्या बाजूला आल्या. त्यामुळे मागचा चौथा सिलिंडर इतरांपेक्षा तापतो. गंभीरपणे काम करणारे पाण्याचा मार्ग बदलून बाहेर जाण्याची वाट पुन्हा मागे नेतात. किमान रेडिएटर तरी नवा हवा. तीस वर्षांच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग तपकिरी झाला असेल तर तिचे दिवस भरले आहेत.

चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर आधी इंजिन उघडावे. क्लच बहुधा घसरू लागतोच. १.६ च्या गाडीचे मागचे डिफरन्शियलही १.८ च्या मानाने नाजूक आहे.

मियाटाचे जुने संच आता मुख्यतः वापरलेलेच मिळतात. पंप हाताने फिरवून पाहावा. पात्यांवर घासल्याच्या खुणा नसाव्यात. पुढच्या टोकात खडखड येत असेल तर कपलर झिजला आहे. तेथील गिअरचे तेल वेगळे असते, इंजिनाचे तेल चालत नाही.

कायदा काय म्हणतो?

कॅलिफोर्नियात असा संच रस्त्यावर वापरायचा तर त्याला राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो. वापरलेला संच घेताना त्याची पट्टी सोबत आहे का, हे पाहावे लागते. भारतात वाट अधिक बिकट आहे. एमएक्स-५ येथे अधिकृतपणे विक्रीस आली नाही आणि तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी एरवी आयात करता येत नाही. पुणे-मुंबईतला एखादा हौशी दुसऱ्या गाडीवर हा प्रयोग करू पाहील, तर त्याच्यापुढे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विम्याचा दावा अडला, तर तो खर्च वेगळाच.