परक्या अंगणातील घरचे मैदान : इंग्लंडमधील फुटबॉल क्लबांचे स्थलांतर आणि पाठीराख्यांची भूमिका (१९८५ ते २०२१)

प्रस्तावना

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल क्लब कायद्याच्या दृष्टीने बहुधा एक खासगी कंपनी असतो. तिचे भाग विकता येतात, मालक बदलता येतो, कर्ज थकले तर ती दिवाळखोरीतही जाते. परंतु क्लबच्या पाठीराख्यांना हे स्वरूप कधीच पुरेसे वाटलेले नाही. त्यांच्या दृष्टीने क्लब म्हणजे एका गावाचे नाव, एक ठरावीक रंग आणि एक मैदान होय. खेळाडू चार-दोन वर्षांत बदलतात. मैदान मात्र आजोबांपासून नातवापर्यंत तेच राहते. साखळी स्पर्धेतील निम्मे सामने स्वतःच्या मैदानावर व निम्मे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळले जात असल्याने ‘घरचे’ आणि ‘बाहेरचे’ हा भेद या खेळाच्या रचनेतच आहे.

हे घरचे मैदान हातचे जाऊन क्लबला दुसऱ्या क्लबच्या, प्रसंगी प्रतिस्पर्धी शहराच्या मैदानात भाडेकरू म्हणून राहावे लागले, तर पाठीराख्यांची प्रतिक्रिया काय होते? प्रस्तुत निबंधात चार्लटन अ‍ॅथलेटिक, ब्रिस्टल रोव्हर्स, विम्बल्डन आणि विशेषतः कॉव्हेंट्री सिटी या क्लबांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. परक्या मैदानाविषयीचा राग हा केवळ यजमानाविषयीचा राग नसतो. आपल्याला न विचारता निर्णय घेतला गेला, ही भावना त्याच्या मुळाशी असते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

चार्लटन : पत्रकाने कळलेली बातमी

चार्लटन अ‍ॅथलेटिक हा आग्नेय लंडनमधील क्लब १९१९ पासून ‘द व्हॅली’ या मैदानावर खेळत होता. १९३८ मध्ये तेथे एका सामन्याला ७५,०३१ प्रेक्षकांची नोंद झाली होती. १९८० च्या दशकात मात्र क्लब आर्थिक संकटात सापडला आणि क्लबची मालकी व मैदानाच्या जमिनीची मालकी वेगवेगळ्या हातांत गेली. त्यातच ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्ड येथील मैदानात आग लागून ५६ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर देशभर मैदानांच्या सुरक्षेची कडक तपासणी सुरू झाली आणि व्हॅलीतील उभ्याने सामना पाहण्याच्या विस्तीर्ण पूर्व भागावर बंदी आली.

७ सप्टेंबर १९८५ रोजी सामना पाहण्यास आलेल्या प्रेक्षकांच्या हाती एक पत्रक ठेवण्यात आले. क्लब व्हॅली सोडून क्रिस्टल पॅलेस या क्लबच्या सेलहर्स्ट पार्क मैदानात जाणार असल्याची बातमी त्यातून कळली. त्या दिवशीचा प्रतिस्पर्धी संघ क्रिस्टल पॅलेसच होता, हा योगायोग चार्लटनच्या लोकांच्या मनात कायमचा घर करून राहिला. दोनच आठवड्यांनी व्हॅलीवरचा अखेरचा सामना झाला.

सेलहर्स्ट पार्क त्याच महानगरात, दक्षिण लंडनमध्ये होते. म्हणजे अंतराची अडचण फार मोठी नव्हती. १९८६ मध्ये संघाने सर्वोच्च श्रेणीत प्रवेश मिळवून १९९० पर्यंत तेथे टिकाव धरला. असे असूनही अनेक जुन्या पाठीराख्यांनी सेलहर्स्टला पाऊल ठेवले नाही. क्लब सोडणे त्यांना मान्य नव्हते आणि पॅलेसच्या घरात जाऊन बसणेही मान्य नव्हते. न जाणे हाच निष्ठेचा एक प्रकार ठरला.

या अस्वस्थतेचे पुढे संघटित चळवळीत रूपांतर झाले. १९८९ मध्ये पाठीराख्यांनी स्वतः श्रमदान करून गवत-झुडपांनी व्यापलेले व्हॅली साफ केले. १९९० च्या प्रारंभी ग्रिनिच परिषदेने मैदानाच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा त्यांनी ‘व्हॅली पार्टी’ नावाचा पक्ष स्थापून मे १९९० ची स्थानिक निवडणूक लढवली. एकही जागा मिळाली नाही. परंतु १४,८३८ मते, म्हणजे जवळजवळ ११ टक्के मते मिळाली. पुढील वर्षी परिषदेने परवानगी दिली आणि ५ डिसेंबर १९९२ रोजी पोर्टस्मथविरुद्धच्या सामन्याने क्लब व्हॅलीत परतला. एका खेळाच्या मैदानासाठी मतपेटीपर्यंत गेलेला हा लढा आधुनिक इंग्लंडच्या स्थानिक इतिहासात लक्षणीय मानावा लागेल.

ब्रिस्टल रोव्हर्स : निर्वासाची आपुलकी

याच काळातील ब्रिस्टल रोव्हर्सचे उदाहरण वेगळे चित्र दाखवते. या क्लबने आपले ईस्टव्हिल मैदान १९४० मध्येच विकले होते व तो तेथे भाडेकरू म्हणून राहत होता. १९८६ मध्ये त्याने ईस्टव्हिल सोडले आणि शेजारच्या बाथ शहरातील ट्वर्टन पार्क या छोट्या मैदानात आश्रय घेतला. हा मुक्काम दहा वर्षे टिकला.

येथे यजमान बाथ सिटी हा खालच्या स्तरावरील छोटा क्लब होता. खरी स्पर्धा ब्रिस्टलमधीलच ब्रिस्टल सिटीशी होती. मे १९९० मध्ये रोव्हर्सने याच अपुऱ्या, तात्पुरत्या मैदानावर ब्रिस्टल सिटीला ३-० असे हरवून वरच्या श्रेणीत प्रवेश मिळवला. त्यामुळे निर्वासाचा काळ हा अपमानाचा न राहता सोशिकतेचा आणि अभिमानाचा काळ म्हणून स्मरणात राहिला. १९९६ मध्ये क्लब ब्रिस्टलला परतला. तरी ट्वर्टनची आठवण आपुलकीनेच काढली जाते. परके मैदान म्हणजे दुःखच, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही तो यामुळे.

विम्बल्डन : तात्पुरत्याचे कायम होणे

पाठीराख्यांच्या मनातील सर्वांत मोठी भीती विम्बल्डनच्या बाबतीत खरी ठरली. १९९१ मध्ये हा क्लब आपले प्लाऊ लेन मैदान सोडून त्याच सेलहर्स्ट पार्कमध्ये भाडेकरू झाला. स्वतःचे मैदान काही उभे राहिले नाही. मे २००२ मध्ये एका आयोगाने क्लबला लंडनबाहेरील मिल्टन कीन्स या नगरात जाण्याची मुभा दिली व २००३ मध्ये स्थलांतर झाले. पाठीराख्यांनी २००२ मध्येच ‘एएफसी विम्बल्डन’ हा नवा क्लब स्थापून अगदी तळाच्या श्रेणीपासून आरंभ केला. २०२० मध्ये हा क्लब प्लाऊ लेन परिसरातील नव्या मैदानात परतला. या घटनेनंतर इंग्लंडमधील कोणत्याही क्लबने ‘तात्पुरते स्थलांतर’ असे शब्द उच्चारले की लोकांना विम्बल्डन आठवू लागले.

कॉव्हेंट्री : एका क्लबचे दोन निर्वास

कॉव्हेंट्री सिटीचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. कारण हा क्लब अवघ्या सहा वर्षांत दोनदा शहराबाहेर गेला. नोव्हेंबर १९४० च्या बाँबवर्षावात उद्ध्वस्त झालेले आणि मोटार उद्योगावर पुन्हा उभे राहिलेले हे औद्योगिक शहर. १९६१ ते १९६७ या काळात प्रशिक्षक जिमी हिल यांनी क्लबला तिसऱ्या श्रेणीतून सर्वोच्च श्रेणीपर्यंत नेले आणि आकाशी निळा रंग ही त्याची ओळख केली. पुढे २००१ पर्यंत सलग ३४ वर्षे क्लब सर्वोच्च श्रेणीत होता. १९८७ मध्ये त्याने एफए कपही जिंकला.

१८९९ पासूनचे हायफिल्ड रोड मैदान २००५ मध्ये सोडून क्लब शहराच्या उत्तरेस बांधलेल्या नव्या ‘रिको अरीना’त गेला. हे मैदान क्लबचे नव्हते. ते चालवणाऱ्या कंपनीची मालकी नगर परिषद व एक धर्मादाय संस्था यांच्याकडे होती. २००७ मध्ये ‘सिसू’ या गुंतवणूक संस्थेने क्लब घेतला. २०१२ पासून भाड्यावरून वाद विकोपाला गेला आणि जुलै २०१३ मध्ये सुमारे ३५ मैलांवरील नॉर्दॅम्प्टनच्या सिक्सफिल्ड्स मैदानात खेळण्यास लीगने परवानगी दिली.

नॉर्दॅम्प्टन हे काही कॉव्हेंट्रीचे कट्टर प्रतिस्पर्धी शहर नव्हे. तरीही येथे बहिष्कार जवळजवळ सार्वत्रिक झाला. आदल्या हंगामात सरासरी दहा हजारांहून अधिक असलेली प्रेक्षकसंख्या अडीच हजारांच्याही खाली घसरली. पहिल्याच ‘घरच्या’ सामन्यात कॉव्हेंट्रीने ब्रिस्टल सिटीला ५-४ असे हरवले. म्हणजे खेळ रंगतदार होता, पाहणारे नव्हते. मालकाच्या गल्ल्यात एक पेनीही टाकायची नाही, असा निर्धार करून काही पाठीराखे मैदानालगतच्या टेकडीवर उभे राहून सामना पाहत. त्या टेकडीला त्यांनी ‘जिमीज हिल’ असे नाव दिले. मैदानात न शिरता संघाच्या जवळ राहण्याची ही रीत त्यांच्या द्विधा मनःस्थितीचे नेमके दर्शन घडवते. सप्टेंबर २०१४ मध्ये क्लब परतला तेव्हा गिलिंगहॅमविरुद्धच्या सामन्याला २७ हजारांहून अधिक लोक आले.

परंतु परतीनंतर काही आठवड्यांतच रिको अरीना ‘वॉस्प्स’ या रग्बी क्लबच्या मालकीचे झाले. या विक्रीला आव्हान देणाऱ्या मालकांच्या न्यायालयीन दाव्यांमुळे नव्या करारात अडथळा आला आणि २०१९ मध्ये क्लब सुमारे २० मैलांवरील बर्मिंगहॅमच्या सेंट अँड्र्यूज मैदानात गेला. बर्मिंगहॅम हे शेजारचे, आकाराने कितीतरी मोठे आणि कॉव्हेंट्रीला सदैव आपल्या सावलीत ठेवणारे शहर. जानेवारी २०२० मध्ये एफए कपच्या चौथ्या फेरीत कॉव्हेंट्रीचा ‘घरचा’ सामना बर्मिंगहॅम सिटीशीच आला. तो ०-० असा बरोबरीत सुटला. फेरसामना बर्मिंगहॅमच्या घरी, म्हणजे त्याच मैदानावर झाला. ‘घरचे’ आणि ‘बाहेरचे’ या शब्दांचा अर्थच तेथे संपला.

येथे राग अधिक तीव्र व्हायला हवा होता. प्रत्यक्षात २०१९-२० मध्ये सरासरी सहा हजारांहून अधिक प्रेक्षक सेंट अँड्र्यूजला जात होते. नॉर्दॅम्प्टनच्या दुपटीहूनही अधिक. अंतर कमी होते आणि संघ उत्तम खेळत होता, ही कारणे खरीच. त्याच हंगामात संघ तिसऱ्या श्रेणीत अव्वल ठरला. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. २०१३ चा निर्णय मालकांनी स्वेच्छेने लादला, असे बहुतेकांना वाटत होते. २०१९ मध्ये दोष मालक, मैदानाचा नवा धनी आणि नगर परिषद अशा अनेकांत विभागला गेला. बहिष्कार नेमका कोणावर टाकायचा, हेच स्पष्ट नव्हते. पुढील हंगाम कोविडमुळे बहुतांशी रिकाम्या मैदानांत गेला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये क्लब पुन्हा कॉव्हेंट्रीत आला. २०२२ मध्ये वॉस्प्स आर्थिकदृष्ट्या कोसळला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पाठीराख्यांच्या असंतोषाचे मोजमाप मैलांत करता येत नाही. चार्लटन आपल्याच महानगरात राहूनही दुखावला. रोव्हर्सने दुसऱ्या शहरात आपुलकी जोडली.

२) यजमान प्रतिस्पर्धी असेल तर अपमानाची धार वाढते, परंतु बहिष्काराचे ते एकमेव किंवा मुख्य कारण ठरत नाही. कॉव्हेंट्रीने प्रतिस्पर्धी शहरापेक्षा तटस्थ शहरावर अधिक कठोर बहिष्कार टाकला.

३) निर्णय कोणी घेतला, तो टाळता आला असता का आणि परतीची शाश्वती आहे का, हे तीन प्रश्न निर्णायक ठरतात. विम्बल्डनच्या अनुभवाने तिसऱ्या प्रश्नाला विशेष धार आणली.

४) मैदानाची मालकी क्लबपासून वेगळी होणे, हेच या बहुतेक संकटांचे आर्थिक मूळ आहे.

कायदा क्लबला मालमत्ता मानतो, लोक त्याला वारसा मानतात. एरवी या दोन कल्पना शेजारी शेजारी सुखाने नांदतात. मैदान गेले की त्यांच्यातील विसंगती उघडी पडते. टेकडीवर उभे राहून सामना पाहणारा कॉव्हेंट्रीचा माणूस आणि निवडणुकीला उभा राहिलेला चार्लटनचा माणूस हे दोघेही क्लबचे कायदेशीर मालक नव्हते. मात्र क्लब कोठे असावा, हे ठरवण्याचा अधिकार आपलाही आहे, असा त्यांचा दावा होता. व्हॅलीच्या बाबतीत ग्रिनिच परिषदेला तो अखेर विचारात घ्यावा लागला.